आकडे चालतील, अक्षरं नकोत

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या विधिमंडळाने १८३०च्या अधिवेशनात एक कायदा केला. गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं, त्याला पुस्तक किंवा पत्रक देणं वा विकणं हा गुन्हा ठरला. शिकवणारा गोरा असेल तर १०० ते २०० डॉलर दंड किंवा तुरुंग. मुक्त काळा असेल तर दंड, तुरुंग किंवा २० ते ३९ फटके. गुलामच दुसऱ्या गुलामाला शिकवताना सापडला तर ३९ फटके. प्रस्तावनेत कारणही आडपडदा न ठेवता दिलं आहे: लिहा-वाचायला शिकवल्याने गुलामांच्या मनात असंतोष पैदा होतो आणि त्यातून बंड होतं. याच कायद्यात एक सूट आहे. गुलामाला आकडे शिकवायला हरकत नाही.

या सवलतीचं कारण उघड आहे. पिंपं मोजणारा, लाकडाचं माप घेणारा, कोठारातल्या मालाची नोंद सांगणारा गुलाम मालकाला हवाच होता. आकडे मालकाच्या उपयोगाचे होते आणि शब्द गुलामाच्या, एवढी स्वच्छ वाटणी त्या विधिमंडळाला जमली होती.

याच्या नव्वद वर्षं आधी शेजारच्या साउथ कॅरोलायनात आणखी बारीक भेद झाला होता. १७३९ साली स्टोनो नदीकाठी गुलामांचा उठाव झाला, त्यानंतर १७४०मध्ये आलेल्या कायद्याने गुलामाला लिहायला शिकवण्याबद्दल किंवा त्याच्याकडून लेखनिकाचं काम करून घेण्याबद्दल १०० पौंड दंड ठेवला. वाचायला शिकवण्याबद्दल मात्र त्यात एक अक्षर नाही. बायबल वाचून गुलाम नम्र होईल, असा तेव्हा पाद्र्यांचा आणि बऱ्याच मालकांचा होरा होता. भीती होती ती लिहिण्याची, आणि तिचं कारण म्हणजे पास. गुलामाला मळ्याबाहेर पाऊल टाकायचं तर मालकाची चिठ्ठी जवळ हवी: कोण, कुठे जातोय, कधीपर्यंत, आणि खाली सही. रात्री गस्तवाले ती मागत. चार ओळी आणि एक सही एवढाच तो ऐवज. ज्याला लिहिता येतं तो स्वतःची चिठ्ठी स्वतः करू शकतो, शेजाऱ्याचीही.

बायबलचा होरा पुढे चुकला. १८२९मध्ये बॉस्टनच्या डेव्हिड वॉकर या मुक्त काळ्या दुकानदाराने गुलामगिरीविरुद्ध जहाल पत्रक छापलं आणि ते खलाशांच्या हातून दक्षिणेच्या बंदरांत पोचू लागलं. १८३१च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरचा उठाव झाला. टर्नर वाचायला शिकलेला होता आणि त्याला बंडाची प्रेरणा बायबलातूनच मिळाली होती. १८३४मध्ये साउथ कॅरोलायनाने वाचनावरही बंदी घातली.

हा तपशील मुद्दाम सुरुवातीला मांडला, कारण मालकवर्गाला वाचन, लेखन आणि आकडेमोड या तीन वेगळ्या गोष्टी दिसत होत्या आणि प्रत्येकीचा परिणाम त्याने वेगळा तोलला होता. आपण मात्र हे भेद साक्षरतेच्या एका टक्केवारीत पुसून टाकतो आणि वर 'शिकलास की सुटलास' असं सांगतो. या सांगण्याला पुढे गुलामगिरीविरोधी वक्ते झालेल्या फ्रेडरिक डग्लस यांचं उदाहरण हमखास जोडलं जातं: गुलाम मुलगा चोरून वाचायला शिकला आणि स्वतंत्र झाला. ते असं अर्धवट सांगितलं जातं याला माझी हरकत आहे. वाचनाने डग्लस यांची सुटका केली नाही. वाचता येऊ लागल्यावर पुढची अनेक वर्षं ते गुलामच होते, आणि आधीपेक्षा जास्त दुःखी होते. बदलली ती गुलामगिरीकडे बघण्याची त्यांची नजर. देवाची मर्जी म्हणून सांगितली जाणारी गोष्ट माणसांनी रचलेली, कागदावर टिकवलेली आणि म्हणून मोडता येण्याजोगी आहे हे त्यांना दिसलं. साक्षरतेची खरी ताकद इथे आहे, आणि ती अक्षरओळखीने आपोआप हाती येत नाही.

डग्लस यांचा जन्म १८१८चा, मेरीलंडच्या टॅल्बट काउंटीतला. १८२६ साली, आठेक वर्षांच्या या मुलाला बाल्टिमोरमध्ये ह्यू ऑल्ड यांच्या घरी त्यांच्या लहान टॉमीला सांभाळायला धाडलं गेलं. मालकीण सोफिया यांनी याआधी गुलाम बाळगलेला नव्हता. त्यांनी सहजपणे त्याला मुळाक्षरं आणि मग तीन-चार अक्षरी शब्द शिकवायला घेतले. ह्यू यांना कळलं तेव्हा त्यांनी पोरासमोरच बायकोला थांबवलं. असं शिकवणं बेकायदा आहे आणि धोक्याचंही. याला बोट दिलं तर हा हात धरेल. वाचायला शिकला की गुलाम म्हणून कायमचा निकामी होईल, मालकाला उपयोगाचा उरणार नाही आणि स्वतःही असमाधानी राहील. गंमत अशी की मेरीलंडमध्ये गुलामाला शिकवायला बंदी घालणारा कायदा नव्हताच. तिथे दंडुक्याचं काम रिवाजानेच भागत होतं, आणि रिवाजालाच कायदा समजणारे सज्जन सगळीकडे असतात.

पुढे १८५५च्या आत्मचरित्रात डग्लस यांनी या बोलण्याला आपण ऐकलेलं गुलामगिरीविरोधातलं पहिलं व्याख्यान म्हटलं आहे. ते बरोबरच आहे. मूठभर गोरे एवढ्या काळ्यांना ताब्यात कसे ठेवतात हे कोडं त्या मुलाला होतं; त्याचं उत्तर मालकाने स्वतःच्या तोंडाने दिलं. म्हणजे नजर बदलण्याची सुरुवात पुस्तकाने नाही, बंदीने झाली. जी गोष्ट द्यायला मालक इतका घाबरतो तिच्यात काहीतरी आहे, एवढं कळायला वाचता यावं लागत नाही.

शिक्षण कसं झालं हे नीट बघण्यासारखं आहे. घरात पाव मुबलक होता. गल्लीतली गरीब गोरी पोरं उपाशी होती. फ्रेडरिक निरोपाला बाहेर पडताना पुस्तक आणि पाव बरोबर घेई, काम झटपट उरकून उरलेल्या वेळात पाव देऊन धडा घेई. पुढे त्या मुलांची नावं त्याने छापली नाहीत, कारण काळ्याला वाचायला शिकवणं हा तिथे जवळजवळ अक्षम्य गुन्हा होता. लेखन जहाजाच्या गोदीत सुरू झालं. सुतार तासलेल्या फळीवर ती जहाजात कुठे बसायची याची खूण म्हणून इंग्रजी आद्याक्षरं लिहीत: डावी-पुढची, उजवी-मागची वगैरे. ती चार अक्षरं उचलून तो रस्त्यावरच्या पोरांना आव्हान देई, मला तुझ्यासारखं लिहिता येतं. पोरगा चिडून जास्त अक्षरं लिहून दाखवी आणि तीही शिकून होत. वही म्हणजे कुंपण, विटांची भिंत, फरसबंदी. लेखणी म्हणजे खडूचा तुकडा. नंतर वेबस्टरच्या अंकलिपीतली तिरकी अक्षरं गिरवली. शेवटी टॉमीच्या भरून झालेल्या वह्या, ज्यांत ओळींमधल्या मोकळ्या जागेत तो टॉमीच्याच अक्षराची नक्कल करी. सोफियाबाई सोमवारी दुपारी प्रार्थनासभेला जात, तेवढ्या वेळात. या सगळ्याला काही वर्षं लागली. ज्याला आपण चिकाटी म्हणून गौरवतो ती प्रत्यक्षात चोरी, लाच आणि डिवचणं यांची मालिका होती. तिचं कौतुक शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखं करू नये.

बारा वर्षांचा असताना त्याने ५० सेंटला एक पुस्तक विकत घेतलं: 'द कोलंबियन ऑरेटर', केलेब बिंगम यांनी १७९७मध्ये शाळकरी मुलांच्या वक्तृत्वासाठी केलेला संग्रह. त्यात मालक आणि गुलाम यांचा एक संवाद आहे. गुलाम दुसऱ्यांदा पळताना पकडला गेला आहे, मालक गुलामगिरीच्या बाजूचे मुद्दे एकेक करून मांडतो, गुलाम ते खोडतो आणि अखेर मालक त्याला मुक्त करतो. दुसरा उतारा आयर्लंडमधल्या कॅथलिकांना हक्क मिळावेत यासाठीचं भाषण. (डग्लस ते शेरिडन यांचं म्हणून सांगतात, संग्रहात ते ओ'कॉनर यांच्या नावावर आहे.) मनात घुटमळून विरून जाणाऱ्या विचारांना या उताऱ्यांनी जीभ दिली, असं त्यांनी लिहिलं आहे.

पण काय घुटमळत होतं? हा प्रश्न साक्षरतेचे प्रचारक विचारत नाहीत. मी गुलाम का, काही माणसं मालक आणि काही गुलाम का, असं तो मुलगा बाल्टिमोरला येण्याआधीच विचारत होता. जेनीमावशी आणि नोआकाका पळून गेल्याची कुजबूज त्याने मळ्यावर ऐकली होती आणि पळता येतं हे त्याला तेव्हाच समजलं होतं. स्वातंत्र्याची ओढ पुस्तकाने दिली नाही. पुस्तकाने युक्तिवाद दिला, आणि आपल्या प्रश्नावर दूर कुठेतरी लोक वाद घालतात ही बातमी दिली. वर्तमानपत्रात त्याने वाचलं की उत्तरेकडून काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, अर्ज येत आहेत, राजधानीच्या हद्दीतली गुलामगिरी बंद करा म्हणून. एकट्याचं दुःख आता सार्वजनिक प्रश्न झालं होतं.

आणि याचा लगेच झालेला परिणाम वाईट होता. ह्यू ऑल्ड यांचं भाकीत खरं ठरलं. वाचन हा वर नसून शाप आहे असं वाटू लागलं: आपली दशा दिसली, पण उपाय दिसेना. अडाणी गुलामसोबत्यांचा हेवा वाटला, आपण जनावर असतो तर बरं असंही वाटलं, हे १८४५च्या आत्मकथनात त्यांनी न लपवता लिहिलं आहे. त्यातला तो भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. साक्षरतेची भलामण करताना हा भाग गाळणारा माणूस मालकाइतकाही प्रामाणिक नाही. मालकाने निदान असंतोष वाढेल हे आधी सांगितलं होतं.

निरक्षरांना गुलामगिरी कळत नव्हती, असं मात्र यातून कुणी काढू नये. डग्लस यांच्याच मेरीलंडमध्ये, शेजारच्या डॉर्चेस्टर काउंटीत जन्मलेल्या हॅरिएट टबमन यांना वाचता येत नव्हतं. त्या १८४९मध्ये निसटल्या आणि परतपरत जाऊन सुमारे सत्तर माणसं बाहेर काढून आणली. डग्लस यांच्या पत्नी ॲना मरे जन्माने मुक्त होत्या. त्यांच्या मदतीशिवाय डग्लस यांचं १८३८चं पलायन झालं नसतं, आणि त्या जन्मभर जवळपास निरक्षर राहिल्या. स्वातंत्र्य समजायला अक्षर लागत नाही. अक्षर लागतं ते कागदाच्या राज्यात फसू नये म्हणून.

विल्यम वेल्स ब्राउन यांची हकिकत याला नेमकी लागू पडते. गुलाम असताना त्यांना ज्या गुलामांच्या व्यापाऱ्याकडे भाड्याने दिलं होतं त्याने त्यांच्या हाती एक चिठ्ठी आणि एक डॉलर दिला, तुरुंगात नेऊन दे म्हणून. संशय आला म्हणून त्यांनी ती एका खलाशाकडून वाचून घेतली: आणणाऱ्याला फटके मारा, मोबदला सोबत. निरक्षर माणूस स्वतःच्या शिक्षेचा हुकूम स्वतः वाहून नेत होता. ब्राउन यांनी मग तो कागद एका दुसऱ्याच काळ्या माणसाच्या हाती टेकवला आणि फटके त्याला बसले. पुढे त्यांनी याचा पश्चात्ताप होतो असं लिहिलं.

वाचता येणं उलटूही शकतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या एडेंटनच्या हॅरिएट जेकब्स यांना लहानपणी मालकिणीने वाचायला शिकवलं. वयात आल्यावर मालक डॉक्टर त्यांच्या हातात घाणेरड्या चिठ्ठ्या सरकवू लागला. त्या परत करत, मला वाचता येत नाही म्हणत. मग तो म्हणे, तर मीच वाचून दाखवतो. अक्षरओळख इथे मालकाला आत शिरायची आणखी एक वाट झाली. पण त्याच बाईंनी पुढे आजीच्या घराच्या माळ्यावर, तीन फूट उंचीच्या जागेत, जवळजवळ सात वर्षं लपून असताना न्यूयॉर्कहून लिहिल्यासारखी पत्रं मालकाला पाठवली. रस्त्यांची नावं खरी वाटावीत म्हणून न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राच्या तुकड्यावरून ती उचलली. त्या उत्तरेत आहेत असं मालकाला वाटत राहिलं. वाचनाने त्या सापळ्यात आल्या आणि लेखनाने त्यांनी सापळा लावला.

त्याच राज्यात, तो कायदा झाल्यावर लगेच १८३१मध्ये, ओमर इब्न सईद नावाच्या गुलामाने अरबीत आपलं चरित्र लिहिलं. सेनेगल नदीच्या प्रदेशात शिकून तयार झालेला हा माणूस एका माजी गव्हर्नरांच्या भावाच्या घरी होता. त्याच्या लेखनाचं पाहुण्यांना कौतुक होतं, शिक्षा नव्हती, कारण ते आसपास कुणाला वाचताच येत नव्हतं. सुरुवातीला त्याने कुराणातला 'अल-मुल्क' हा अध्याय लिहिला आहे. सत्ता आणि मालकी एकट्या ईश्वराची, हा त्याचा आरंभ. गुलामाने मालकाच्या घरात बसून हे लिहावं यातलं धाडस समजायला दुसरा वाचक हवा होता.

दुसरा वाचक तयार करण्याचं काम डग्लस यांनी फार लवकर हाती घेतलं. बाल्टिमोरहून परत धाडल्यावर मेरीलंडच्याच सेंट मायकल्स गावात एका गोऱ्या तरुणाने सुरू केलेल्या रविवारच्या वर्गात ते शिकवू लागले; तो वर्ग चर्चच्या पुढाऱ्यांनी काठ्या घेऊन मोडला. १८३५मध्ये फ्रीलंड यांच्या मळ्यावर असताना एका मुक्त काळ्या माणसाच्या घरी त्यांनी पुन्हा वर्ग घेतला. एका वेळी चाळीसहून अधिक शिकणारे होते. पळून जायचा बेत याच काळातल्या सोबत्यांत शिजला. १८३६च्या ईस्टरला डग्लस यांनी एका गोऱ्याच्या नावाने पास लिहिले: हा माझा नोकर, याला बाल्टिमोरला सण घालवायची मुभा आहे. बेत फुटला. पकडून नेत असताना डग्लस यांनी आपला पास आगीत टाकला आणि इतरांना पास बिस्किटाबरोबर खाऊन टाकायला सांगितलं. पुरावाच उरला नाही. गोदीतल्या फळीवरून उचललेल्या अक्षरांचा हा व्यवहारातला पहिला मोठा उपयोग, आणि तो फसला.

३ सप्टेंबर १८३८ला ते निसटले तेही स्वतः लिहिलेल्या कागदावर नाही. एका मुक्त काळ्या खलाशाचं ओळखपत्र उसनं घेतलं होतं. त्यातलं वर्णन त्यांच्याशी जुळत नव्हतं, पण वर अमेरिकेचा गरुड छापलेला होता, अंगावर खलाशाचे कपडे होते आणि तिकीट तपासनिसाने ओझरतं पाहिलं. चोवीस तासांच्या आत ते न्यूयॉर्कला पोचले.

लेखनाची किंमत पुढे आली. १८४५मध्ये आत्मकथन छापलं, मुखपृष्ठावर 'स्वतः लिहिलेलं' असा खुलासा होता, कारण असं बोलणारा माणूस गुलाम होता यावर श्रोत्यांचा विश्वास बसत नव्हता. खरेपणा सिद्ध करायला मालकांची आणि गावांची नावं द्यावी लागली. नावं दिल्यामुळे पकडून परत नेलं जायची शक्यता वाढली. ते ब्रिटनला गेले. तिथल्या मित्रांनी १५० पौंड, म्हणजे ७११ डॉलर ६६ सेंट भरून १८४६मध्ये त्यांची कायदेशीर सुटका विकत घेतली. अखेर मुक्ती मिळाली ती खरेदीखतानेच. काही गुलामगिरीविरोधकांनी यावर नाकं मुरडली, माणूस विकत घेणं मान्य केल्यासारखं होतं म्हणून. परतल्यावर डग्लस यांनी रॉचेस्टरहून स्वतःचं वर्तमानपत्र काढलं. मला त्या शुद्धतेपेक्षा हे छापखान्याचं यंत्र जास्त पटतं.

गुलामगिरी संपल्यावर कागदाने बाजू बदलली. १८७०च्या जनगणनेत अमेरिकेतल्या काळ्यांपैकी सुमारे ८० टक्के निरक्षर होते, ज्यांना शिकवणं कालपर्यंत कित्येक राज्यांत गुन्हा होता. वीस वर्षांनी मिसिसिपीने नव्या राज्यघटनेत अट घातली: मतदाराला घटनेतलं कलम वाचता यावं, किंवा वाचून दाखवल्यावर समजावं. समजलं की नाही हे ठरवणार गोरा अधिकारी. आधी वाचलं म्हणून शिक्षा, मग वाचता येत नाही म्हणून. या परीक्षा १९६५च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत टिकल्या.

महाराष्ट्राशी या प्रश्नाचा धागा जोतीराव फुले यांनी स्वतः जोडला. 'गुलामगिरी' १८७३मध्ये निघालं ते अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण करून. जोतीरावांचं म्हणणं हेच होतं की शूद्रातिशूद्रांची दशा ग्रंथांनी रचलेली आहे. ग्रंथ वाचता येत नाहीत तोवर ती दैव वाटत राहते. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध १८५५मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला. वेद फक्त ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असा सवाल चौदा वर्षांच्या आसपासची ती मुलगी थेट देवाला करते. तिला वर्णमाला दिली होती, आणि त्याबरोबर लिहायला आपलं दुःख हा विषयही.

आता आपली मोजणी बघा. जनगणनेत सात वर्षांची किंवा त्यावरची, कोणत्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येणारी व्यक्ती साक्षर. उत्तर घरातला माणूस सांगतो, परीक्षा कुणी घेत नाही. २०११मध्ये महाराष्ट्राचा आकडा ८२.३ टक्के आला. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो काय मोजतो हे विचारतो. ऊसतोडीला जाणारं जोडपं हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतं. किती घेतली, टनाला काय दर, किती फिटली, खाडे किती धरले, हे मुकादमाच्या वहीत असतं. सही करता येणारा माणूस त्या वहीसमोर अंगठेबहाद्दराइतकाच उघडा असतो, जर त्याने तसा कागद आधी कधी वाचलेला नसेल आणि त्याची प्रत मागायचा अर्ज कधी लिहिलेला नसेल.

म्हणून प्रौढ साक्षरता वर्गांच्या पाठ्यक्रमाबद्दल माझा आग्रह साधा आहे. पहिल्या महिन्यात उचलीचा कागद, रेशनची पावती, सातबारा आणि मजुरीचं हजेरीपत्रक वाचायला द्या. स्वच्छतेवरचे धडे नंतर आले तरी चालतील. लेखन पहिल्या आठवड्यापासून, आणि गिरवण्याऐवजी अर्ज: तहसीलदाराला, ग्रामपंचायतीला, कारखान्याला. वर्गाचं मूल्यमापन करताना किती जणांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या कामाचा अर्ज लिहून पोच घेतली, हे मोजा. यामुळे तक्रारी वाढतील, मुकादम आणि कारकून दोघेही कुरकुर करतील, आणि शिकणारे काही काळ आधीपेक्षा जास्त अस्वस्थ होतील. वर्ग चालवणाऱ्याने ही अस्वस्थता अपयशाच्या रकान्यात टाकू नये.